असुरक्षित संबंधानंतर एचआयव्हीची भीती वाटतेय? पहिले ७२ तास का महत्त्वाचे असतात?

कंडोम फाटला, वापरलाच नाही किंवा जबरदस्ती झाली, तर एचआयव्हीची भीती वाटणं साहजिक आहे. कोल्हापूरसारख्या शहरात त्यात आणखी एका भीतीची भर पडते, ती म्हणजे दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर? या विचारात दोन-तीन दिवस सहज निघून जातात. संसर्ग टाळणारं औषध मात्र याच दिवसांत सुरू करावं लागतं.

धोका नेमका किती?

जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि तो उपचार घेत नाही, असं धरून अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने काढलेला अंदाज असा आहे. योनीमार्गे असुरक्षित संबंधात १०,००० वेळांमागे स्त्रीला सुमारे ८ वेळा, तर पुरुषाला सुमारे ४ वेळा लागण होऊ शकते. गुदमार्गे संबंधात स्वीकारणाऱ्या व्यक्तीसाठी हा आकडा सुमारे १३८ आहे, तर दुसऱ्यासाठी ११. मुखमैथुनात धोका फार कमी असतो. चुंबन, मिठी किंवा एका ताटात जेवल्याने लागण होत नाही.

आकडे लहान दिसले तरी एका संबंधातूनही लागण होऊ शकते. गुप्तांगावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल तर धोका वाढतो. जोडीदार नियमित औषधं घेत असेल आणि त्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झाला असेल, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

पेप म्हणजे काय?

संपर्कानंतर संसर्ग टाळण्यासाठी घ्यायच्या औषधांना पेप म्हणतात. भारतात साधारणपणे टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं असलेली एक गोळी रोज, सलग २८ दिवस दिली जाते. पहिला डोस जितका लवकर, तितका फायदा जास्त. ७२ तासांनंतर सहसा पेप सुरू करत नाहीत.

शनिवारी रात्री ११ वाजता संबंध आला असेल, तर मुदत मंगळवारी रात्री ११ वाजता संपते. त्यामुळे रविवारी ओपीडी बंद असली तरी सोमवारची वाट पाहू नये. थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जावं.

गोळी मनाने घेऊ नये. आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि किडनीची तपासणी करतात, पण तिच्या रिपोर्टसाठी पहिला डोस थांबवत नाहीत. अ‍ॅसिडिटीचं औषध, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावं, कारण त्यांनी डोल्युटेग्राविरचा परिणाम कमी होतो.

गर्भधारणा टाळणारी आपत्कालीन गोळीही ७२ तासांत घ्यायची असते, म्हणून अनेकांची गल्लत होते. त्या गोळीने एचआयव्ही टळत नाही.

चाचणी कधी करायची?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेली चाचणी फक्त आधीची स्थिती सांगते. नवा संसर्ग दिसायला वेळ लागतो, त्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते, तर बोटातून रक्त घेऊन केलेल्या अँटिबॉडी चाचणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून सुरुवातीला, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी चाचणी करतात. पेप घेतलं असेल तर पुढच्या तारखा डॉक्टर ठरवतात.

ताप, घसादुखी, अंगावर पुरळ यावरून निष्कर्ष काढू नये. डेंग्यूतही ताप आणि पुरळ येतं, आणि एचआयव्हीची लागण होऊनही अनेकांना काहीच जाणवत नाही.

चाचणी होईल म्हणून रक्तदान शिबिरात जाणं धोक्याचं आहे. विंडो पीरियडमधलं रक्त तपासणीतून सुटलं, तर ते दुसऱ्या रुग्णाला चढवलं जाऊ शकतं. अंतिम रिपोर्ट येईपर्यंत रक्तदान टाळावं आणि कंडोम वापरावा.

कोल्हापुरात कुठे जायचं?

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, एचआयव्ही समुपदेशन, चाचणी आणि उपचाराची सोय आहे. सरकारी आयसीटीसी केंद्रात चाचणी मोफत होते. सरकारी रुग्णालयांत पेप मुख्यतः आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचारपीडितांसाठी असतं. इतरांना ते खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकत घ्यावं लागू शकतं. अत्याचारपीडितांवर तातडीने मोफत उपचार करणं खासगी रुग्णालयांनाही कायद्याने बंधनकारक आहे. १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत माहिती मिळते.

कुणाला कळेल का?

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. तरीही आपल्या गावात जायला संकोच वाटत असेल, तर सांगली, मिरज किंवा बेळगावला जाता येतं. मात्र प्रवासात मुदत टळू देऊ नये.

७२ तास उलटून गेले तर?

ठरलेल्या वेळी चाचणी करावी. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी तो आणखी चाचण्यांनी पक्का केला जातो. त्यानंतर सरकारी एआरटी केंद्रातून औषधं मोफत मिळतात. लवकर सुरू करून ती रोज घेतली, तर नोकरी, लग्न, मुलं यांसह दीर्घ आयुष्य जगता येतं.

*ही सर्वसाधारण माहिती आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*