नाकाचे माप आणि समाजशास्त्र

समाजशास्त्र हे खरोखर शास्त्र आहे का, असे विचारले की पहिला आक्षेप ठरलेला असतो : माणसाचे वागणे मोजता येत नाही. पण मोजले म्हणजे शास्त्र झाले का? हर्बर्ट रिस्ले यांनी मोजले होते. १८९१ साली त्यांनी जातवार नाकांची मापे कोष्टकांसह प्रसिद्ध केली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा नियम. म्हणजे जातिभेदाचे मूळ वंशभेदात. पुढे १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त झाले आणि या मताला सरकारी वजन आले.

मुंबई विद्यापीठाचे गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात अशीच मापे प्रांतवार तपासली. नियम संयुक्त प्रांतात जुळला. बंगालात, महाराष्ट्रात जुळला नाही. घुर्ये यांनी वंशकल्पना पुरती टाकली नाही. डॉ. आंबेडकर पुढे गेले. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये घुर्ये यांच्याच ग्रंथातील आकडे घेऊन त्यांनी दाखवले, की ही मापे प्रमाण मानली तर ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात.

रिस्ले यांचा नियम पडला, तो छापील कोष्टके कुणालाही तपासता येत होती म्हणून. शास्त्रीयता आकड्यांत नव्हती. निष्कर्ष दुसऱ्याला खोडता येईल अशा रीतीने मांडण्यात होती. या कसोटीला समाजशास्त्र उतरू शकते. मात्र इथल्या चुकीची किंमत संशोधक देत नाही. ज्यांची नाके मोजली गेली, ते देतात.