साखर आयातीचा देशवार कोटा

साखर आयातीचा देशवार कोटा : आयात करणाऱ्या देशाच्या सरकारने कमी जकातीत येऊ द्यायच्या साखरेची वार्षिक मर्यादा ठरवून ती पुरवठादार देशांत वाटून देण्याची पद्धत. मर्यादेच्या आतल्या साखरेवर नाममात्र जकात असते आणि त्यापुढच्या साखरेवर इतकी जबर की सहसा कुणी ती आणत नाही. अमेरिकेत कच्च्या साखरेला कोट्याच्या आत पौंडामागे 0.625 सेंट जकात पडते, तर कोट्याबाहेर 15.36 सेंट. अशा कुंपणामुळे तिथला भाव जागतिक भावाच्या बराच वर राहतो, आणि कोट्यातली साखर या चढ्या भावाने विकली जाते. म्हणजे कोटा वाटणे हे साखर वाटणे कमी आणि पैसा वाटणे जास्त असते. वाटपाचे सूत्र दिसायला तांत्रिक असले, तरी कोणत्या देशाच्या ऊस उत्पादकाला वरचा भाव मिळावा याचा निवाडा त्यातच झालेला असतो. हे सूत्र कुठल्या वर्षांच्या आकड्यांवर बेतले आहे आणि ती वर्षे कधी बदलतात की नाही, यावर त्याचा न्याय-अन्याय ठरतो, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा नियम गॅट कराराच्या तेराव्या कलमात आहे. पुरवठादारांशी समझोता होत नसेल, तर आधीच्या एखाद्या प्रातिनिधिक काळात ज्याने जितका माल पुरवला त्या प्रमाणात वाटा द्यावा, विशेष परिस्थितीचाही विचार करावा, असे हे कलम सांगते. अमेरिकेने 1982 च्या मे महिन्यात कोटा पुन्हा लागू केला, तेव्हा 1975 ते 1981 ही वर्षे आधार धरली. त्यातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आयातीचे वर्ष वगळून सरासरी काढली. ऑस्ट्रेलियाच्या तक्रारीवरून गॅटच्या मंडळाने ही पद्धत नियमबाह्य ठरवल्यावर 1 ऑक्टोबर 1990 पासून तिला दुहेरी जकातीचे आजचे रूप आले, पण देशादेशांचे वाटे त्याच जुन्या सरासरीवर राहिले. जागतिक व्यापार संघटनेला अमेरिकेने किमान 11,17,195 टन कच्च्या साखरेची हमी दिली आहे. त्यात डोमिनिकन रिपब्लिकचा वाटा 1,85,335 टन, ब्राझीलचा 1,52,691, फिलिपिन्सचा 1,42,160 आणि भारताचा 8,424 टन आहे. ब्राझील आज वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक साखर निर्यात करतो. फिलिपिन्सला अलीकडे स्वतःच साखर आयात करावी लागली आहे.

8,424 टन म्हणजे किती, हे घराजवळच्या मापाने पाहू. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8,09,378 होती. भारतात मिठाई-शीतपेयांसह माणशी साखरेचा खप वर्षाला साधारण 20 किलो धरला, तर या एका शहराला वर्षाकाठी सोळा हजार टनांच्या आसपास साखर लागते. अख्ख्या भारताचा अमेरिकेतला वार्षिक कोटा या शहराला जेमतेम सहा महिने पुरेल. दुसऱ्या बाजूने, रोज 5,000 टन ऊस गाळणारा आणि 11 टक्के उतारा मिळवणारा महाराष्ट्रातला एखादा कारखाना तेवढी साखर पंधरा-सोळा दिवसांत पोत्यांत भरतो. 1979-80 च्या हंगामात टंचाईमुळे भारताचे उत्पादन सुमारे 39 लाख टनांवर घसरले होते; 2021-22 मध्ये ते साडेतीनशे लाख टनांच्या पुढे गेले आणि निर्यात 110 लाख टनांच्या घरात पोचली. अमेरिकेच्या यादीतला भारत मात्र टंचाईच्या काळातलाच राहिला आहे.

जुन्या पुरवठ्याचा आधार निःपक्ष असतो, कारण तो आकड्यांवर चालतो आणि मर्जीवर नाही, असा त्याचा मुख्य बचाव केला जातो. इतिहास याला दुजोरा देत नाही. 1960 मध्ये क्यूबाशी बिनसल्यावर अमेरिकेने त्याचा प्रचंड कोटा काढून इतरांना वाटला. 1983 मध्ये निकाराग्वाचा वाटा 58,000 शॉर्ट टनांवरून 6,000 वर आणला; गॅट मंडळाने ते तेराव्या कलमाविरुद्ध ठरवूनही अमेरिका बधली नाही. 1986 च्या वर्णभेदविरोधी कायद्याने दक्षिण आफ्रिकेचा वाटा फिलिपिन्सकडे वळवला. यातल्या काही निर्णयांमागे नैतिक कारणही होते. पण राजकारणासाठी वाटा एका दिवसात बदलता येतो आणि बदललेल्या शेतीसाठी चाळीस वर्षांत बदलत नाही, हे मान्य केल्यावर निःपक्षपणाचा दावा टिकत नाही.

दुसरा बचाव अधिक वजनदार आहे. मोकळी स्पर्धा झाली तर सगळा कोटा ब्राझील आणि थायलंड घेऊन जातील, आणि फिजी, जमैकासारख्या लहान देशांतला ऊसवाला उघड्यावर पडेल. ही भीती खरी आहे. 1975 च्या लोमे करारासोबत युरोपने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांना सुमारे 13 लाख टनांची हमीभावाची खरेदी दिली होती, आणि मॉरिशसची साखर अर्थव्यवस्था तिच्यावर उभी राहिली. दुर्बळाला संरक्षण द्यावे, पण ते उघडपणे संरक्षण म्हणून द्यावे आणि माणसे खरोखर ऊस पिकवत आहेत तिथे द्यावे. सेंट किट्सने आपला साखर उद्योग 2005 मध्ये बंद केला, तरी अमेरिकेच्या यादीत त्याच्या नावापुढे 7,258 टन राहिले. न वापरलेला वाटा पुढे इतरांना दिला जातो हे खरे. परंतु तो वर्षाच्या उत्तरार्धात मिळतो, तोवर बहुतेक कारखान्यांचा गाळप हंगाम आटोपलेला असतो.

भारताविरुद्धचा आक्षेपही दडवण्याचे कारण नाही. पाऊस हुकला की आपण निर्यात थांबवतो, मग अशा पुरवठादाराला मोठा वाटा का द्यावा? लोमेच्या वेळी भारताला युरोपकडून वेगळ्या कराराने 25,000 टन मिळाले होते. पुरवठा न झाल्याने 1980 च्या दशकाच्या आरंभी ते गेले आणि नंतर 10,000 टनच परत आले. ब्रिटन बाहेर पडल्यावर युरोपचा हा वाटा 5,841 टन झाला. तरीही 2022 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा अमेरिका आणि युरोपच्या कोट्यातली साखर त्यांतून वगळली होती. अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात प्राधिकरणाच्या शिफारशीवरून मुंबईतील अतिरिक्त महासंचालक, विदेश व्यापार यांच्या कार्यालयातून त्या साखरेला मूळ देशाचे प्रमाणपत्र मिळण्याची व्यवस्था चालू ठेवली गेली.

आधारवर्षे पुढे सरकवता येतात याचा पुरावा भारताच्या स्वतःच्या निर्यात कोट्यातच आहे. 2022-23 च्या हंगामासाठी केंद्राने 60 लाख टन निर्यात देशभरच्या कारखान्यांत वाटली, ती मागील तीन हंगामांच्या सरासरी उत्पादनाच्या 18.23 टक्के या एकाच दराने. जानेवारी 2025 मध्ये 10 लाख टन 3.174 टक्क्यांनी. महाराष्ट्राचे उत्पादन 2018-19 मधल्या 107 लाख टनांवरून दुष्काळामुळे पुढच्याच हंगामात 62 लाखांच्या आसपास आले होते. तीन वर्षांच्या सरासरीत असा फटका सौम्य होतो आणि कायमचा चिकटून राहत नाही. शिवाय कोट्याची अदलाबदल करता येते. बंदरापासून हजार किलोमीटर दूर असलेला उत्तर प्रदेशातला कारखाना आपला निर्यात कोटा कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्याला देतो आणि बदल्यात देशांतर्गत विक्रीचा कोटा घेतो. साखर मग न्हावा-शेवा किंवा जयगडवरून बाहेर पडते. या अदलाबदलीत महाराष्ट्रातल्या कारखान्यांना वर पैसे मोजावे लागतात आणि ते शेवटी ऊसबिलातून जातात, ही तक्रार रास्त आहे. पण ही सरासरी दर हंगामाला पुढे सरकते, त्यामुळे कोणाचाही हक्क कागदावर गोठत नाही.

कोट्याचा लिलाव करावा, हा अर्थशास्त्रज्ञांचा आवडता पर्याय. लिलावात कार्यक्षम पुरवठादार पुढे येईल, मात्र वरच्या भावाचा फायदा आयातदार देशाच्या तिजोरीत जाईल आणि शेतकऱ्याच्या हाती काही उरणार नाही. ऊस पिकवणाऱ्या देशांनी लिलाव मागण्यात अर्थ नाही. भारतानेही नुसते अधिक टन मागू नयेत, कारण आठ हजारांचे सोळा हजार झाले तरी महाराष्ट्रातल्या ऊसदरात त्याने फरक पडणार नाही. मागायचे ते हे की 1975-81 ही आधारवर्षे रद्द व्हावीत, त्याजागी दर काही वर्षांनी पुढे सरकणारी सरासरी यावी, आणि न वापरलेला वाटा हंगाम चालू असतानाच दुसऱ्याला देता यावा.