अर्ध्या वेताचा हिशेब

गुरांच्या बाजारात दलाल आधी विचारतो, "कितव्या वेताची? व्याऊन किती दिवस झाले?" मग कासेवरून हात फिरतो आणि रुमालाखाली बोटं धरली जातात. तीन महिन्यांच्या दुधावरून उरलेल्या सात महिन्यांची किंमत त्यानं मनात बांधलेली असते. या हिशेबाचं कूळ शोधता शोधता मी थेट रसायनशास्त्राच्या दारात जाऊन पोचलो.

दूधनोंदींच्या संस्था १८९५ साली डेन्मार्कमध्ये सुरू झाल्या. पुढे ३०५ दिवसांचं वेत प्रमाण ठरलं. काहीजण त्याला दहा महिने म्हणतात. दहाला साडेतीसनं गुणलं तरी तेच येतं. मला मात्र दुसरी फोड पटते: वर्षाला एक वेत, त्यातून गाय आटवण्याचे ६० दिवस वजा. कारण आटवण्याचा दिवस पुढच्या विण्यापासून मागे मोजूनच ठरतो.

अर्धवट नोंदींवरून पूर्ण वेत काढायचं सूत्र म्हटलं की नाव येतं वुडचं. १९६७ साली 'नेचर'मध्ये त्यानं चढ-उताराची वक्ररेषा तीन आकड्यांत बसवली. लॉगरिदम घेतलं की गणित सोपं, म्हणून ती जगभर चालली. पण मूळपुरुषाचा मान मी मिसूरीच्या सॅम्युएल ब्रोडीला देतो. १९२३ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उतरणीला लागलेलं दूध दर महिन्याला आधीच्या महिन्याच्या ठरावीक हिश्शानं घटतं, अगदी एकरेणवीय रासायनिक क्रियेसारखं. पुढच्या वर्षी त्यांनी सुरुवातीचा चढही पकडला: एका घटत्या रेषेतून दुसरी वजा केली. किरणोत्सारी साखळीतलं मधलं मूलद्रव्य आधी साठतं, मग ओसरतं, त्याचा आलेख नेमका असाच. गणितज्ञ बेटमननं त्याचं समीकरण १९१० मध्येच सोडवलं होतं. ब्रोडीनं उसनवारी केली ती मात्र रसायनशास्त्राकडून, असं मी मानतो. त्याची भाषाच तशी आहे.

वुडची रेषा जास्त चपखल बसते, असं त्याचे पाठीराखे म्हणतील. बसते खरी. पण व्यायल्या क्षणी तीही शून्य दूध सांगते आणि ब्रोडीचीही. इकडे बादलीत चीक असतो, खरवसाचं पातेलं चुलीवर चढलेलं असतं! १९८७ मध्ये विल्मिंकनं आपल्या सूत्रातून शून्याची ही अट काढून टाकली.

दलालाला यातलं काहीच लागत नाही. विकणाऱ्यानं एक वेळची धार चुकवून कास फुगवलेली असू शकते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो दोन्ही वेळची धार समोर काढायला लावतो.