राणी चन्नम्मा विद्यापीठ, बेळगाव : आवाराचा विस्तार आणि क्रीडांगणे

राणी चन्नम्मा विद्यापीठ : उत्तर कर्नाटकातील राज्य विद्यापीठ. स्थापना 2010. ‘विद्यासंगम’ हे त्याचे मूळ आवार बेळगाव शहरापासून सुमारे 18 किमी.वर, पुणे–बंगळूर महामार्गालगत भुतरामहट्टी (कन्नड रूप भूतरामनहट्टी) येथे आहे. नव्या आवारासाठी शहराच्या दुसऱ्या अंगाला, धारवाडच्या वाटेवर हिरेबागेवाडीची जागा निवडण्यात आली. बेळगावकर या महामार्गाला आजही ‘पी. बी. रोड’च म्हणतात, आणि विद्यापीठाची जुनी-नवी दोन्ही आवारे याच रस्त्याच्या काठाला आहेत. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील पदवी महाविद्यालये बहुतांशी याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे नव्या इमारती कुठे उभ्या राहणार आणि मैदान कुठे आखले जाणार, हा सीमाभागातल्या मराठी घरांच्याही रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे.

बेळगावात महाविद्यालये आधी आली, विद्यापीठ फार उशिरा आले. लिंगराज महाविद्यालय 1933 मध्ये, राजा लखमगौडा विधी महाविद्यालय 1939 मध्ये आणि राणी पार्वतीदेवी महाविद्यालय 1945 मध्ये सुरू झाले. त्या काळात ही सारी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होती. कर्नाटक विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन होऊन पुढल्या वर्षी धारवाडला आले आणि बेळगाव जिल्हा त्याच्याकडे गेला. पदवीनंतर पुढे शिकायचे तर धारवाड गाठायचे, हा इथल्या कित्येक पिढ्यांचा शिरस्ता. 1982 मध्ये कर्नाटक विद्यापीठाने बेळगावात पदव्युत्तर केंद्र उघडले, तेव्हा पहिल्यांदा ती पायपीट कमी झाली. हेच केंद्र पुढे भुतरामहट्टीला स्थिरावले आणि 2010 मध्ये त्याला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पहिले कुलगुरू प्रा. बी. आर. अनंतन. बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे कार्यक्षेत्र ठरले. 2023 मध्ये बागलकोटसाठी वेगळे विद्यापीठ झाल्यावर ते आवळले गेले. पदव्युत्तर विभागांत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे, ही सीमाभागाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट.

विद्यापीठाच्या नावाचा आणि पी. बी. रोडचा संबंध सहसा कोणी सांगत नाही. राणी चन्नम्माचा जन्म 1778 मध्ये काकतीचा. निपाणीकडून येताना भुतरामहट्टी मागे पडली की होनगा आणि मग काकती लागते. तिचे कित्तूर संस्थान बेळगावच्या पलीकडे, हिरेबागेवाडी आणि एम. के. हुबळी ओलांडल्यावर. 23 ऑक्टोबर 1824 रोजी कित्तूरच्या फौजेने इंग्रजांचा पराभव केला. त्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज जादा फौज घेऊन परतले, किल्ला पडला, आणि राणीने उरलेले आयुष्य बैलहोंगलच्या कैदेत काढून 1829 मध्ये तिथेच देह ठेवला. विद्यापीठाचे जुने आवार तिच्या माहेराजवळ आहे आणि नवे तिच्या राज्याच्या वाटेवर. नियोजनात हे कोणी ठरवून केले नसेल, पण पी. बी. रोडने जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा इतिहास गावांच्या क्रमाने वाचता येतो.

दुसऱ्या आवाराची गरज का पडली, याचे उत्तर जमिनीत आहे. भुतरामहट्टीचा परिसर देखणा आहे. वंटमुरी घाटाच्या पायथ्याचा उंचसखल माळ, झाडी, शेजारी राणी चन्नम्मांच्याच नावाचे प्राणिसंग्रहालय. दीडशे एकरांहून मोठे हे आवार कागदावर कुणालाही पुरेसे वाटेल. पण ते वनजमिनीवर आहे, आणि वनजमिनीवर नवे बांधकाम म्हटले की परवानग्यांची वाट लांबच लांब. अध्यापन विभाग वाढले, विद्यार्थी वाढले. इमारती मात्र त्या गतीने वाढवता येईनात. अशा कोंडीत मैदानाचा नंबर नेहमी शेवटी लागतो. वर्गखोली, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह हे सगळे झाल्यावर उरलेल्या तुकड्यावर मैदान, ही आपल्याकडची जुनी सवय. म्हणून हिरेबागेवाडीला विद्यापीठाला सव्वाशे एकरांच्या आसपास जागा मिळाली, याचे महत्त्व एकरांच्या आकड्यापेक्षा मोठे आहे. क्षेत्रफळ जुन्या आवाराहून कमी असले तरी तिथे आधी आराखडा आणि मग इमारत असा क्रम पाळता येतो. कन्नडमध्ये ‘हिरे’ म्हणजे थोरली. या थोरल्या बागेवाडीत विद्यापीठाला मैदानापासून सुरुवात करण्याची संधी आहे.

शहरही त्याच दिशेला सरकते आहे. 11 ऑक्टोबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते उद्घाटन झालेले सुवर्ण विधानसौध याच रस्त्यावर, हलग्याजवळ आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ (1998) खानापूर रस्त्यावर मच्छेला आहे. 1916 साली सात शिक्षकांनी सुरू केलेल्या के. एल. ई. संस्थेच्या वैद्यक शाखेला 2006 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे आज बेळगावच्या तीन दिशांना तीन विद्यापीठे आहेत. तंत्रज्ञान आणि वैद्यक सोडून जे शिकतात, कला, वाणिज्य, विज्ञान घेतात, ज्यांच्या घरी बहुधा शेती किंवा तंबाखूची वखार असते, त्यांच्या वाट्याला येते ते राणी चन्नम्मा. खेड्यापाड्यातले धावपटू आणि पैलवान याच विद्यार्थ्यांतून येतात.

पूर्ण मापाचा ट्रॅक असणे म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रमाण धावपट्टी 400 मीटरची. दोन सरळ बाजू प्रत्येकी 84.39 मीटर, वळणांची त्रिज्या 36.5 मीटर, आठ लेन, प्रत्येक लेन 1.22 मीटर रुंद. नुसत्या पट्टीला आतल्या हिरवळीसह चार एकरांच्या आसपास सपाट जागा हवी; शिवाय फेकीची वर्तुळे, उड्यांचे खड्डे, पाणी निघून जायला चर आणि प्रेक्षकांना बसायला काठ. पट्टीचा लांब अक्ष उत्तर-दक्षिण ठेवतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन धावणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही.

एवढी सपाट जागा तालुक्याच्या महाविद्यालयाकडे क्वचितच असते. मग मैदानाच्या मधोमध खुंटी ठोकतात, तिला दोरी बांधतात, दोरी ताणून एक जण वळण चालत जातो आणि मागून दुसरा फक्की टाकत येतो. अशा रीतीने आखली जाते 200 मीटरची पट्टी. त्या पट्टीवर 1500 मीटरची शर्यत पावणेचार फेऱ्यांची न राहता साडेसात फेऱ्यांची होते. 5000 मीटरला 25 फेऱ्या, 10,000 मीटरला तब्बल 50. फेऱ्या मोजणारे दोन शिक्षक वह्या घेऊन बसतात आणि तरीही शेवटी ‘माझी एक फेरी जास्त धावून घेतली’ म्हणून वाद होतो. वळणे आखूड असल्याने आतल्या पायाच्या घोट्यावर ताण येतो, आणि 400 मीटर अडथळ्यांचा सराव तर तिथे होतच नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झालेला मुलगा आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, तेव्हा कित्येकदा पूर्ण मापाच्या सिंथेटिक पट्टीवर त्याचे ते पहिलेच पाऊल असते. तिथे तो मागे पडला तर त्यात त्याच्या दमाचा दोष नसतो.

पावसाचाही हिशेब आहे. बेळगावला वर्षाला हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. महाविद्यालयाचे पहिले सत्र नेमके याच दिवसांत भरात येते. लाल मातीची पट्टी या काळात चिखल होते, फक्की वाहून जाते, स्पाइक्सला मातीचे गोळे चिकटतात. डांबरी थरावर सुमारे 13 मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेनचा थर दिलेली सिंथेटिक पट्टी पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात वापरता येते. जिथे चार महिने आभाळ उघडत नाही तिथे ती चैन म्हणता येत नाही. घरातल्या मैदानाचेही तसेच. कबड्डी आता मॅटवर, कुस्ती मॅटवर, बॅडमिंटन लाकडी तळावर. बेळगावच्या तालमींतला पैलवान मातीत घडतो. पण विद्यापीठाची कुस्ती मॅटवर, गुणांची. मातीतला डाव मॅटवर बसवायला महिनोन्‌महिने लागतात, आणि तो सराव छताखालीच व्हावा लागतो.

स्पर्धांची रचना साधी आहे. संलग्न महाविद्यालयांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, यजमानपद आळीपाळीने महाविद्यालयांकडे फिरते, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि निवडलेल्यांना ‘ब्लू’ म्हणतात. संघ पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय स्पर्धांत उतरतो. इथे सीमाभागाची एक खास गंमत आहे. निपाणीतले के. एल. ई.चे जी. आय. बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकात, म्हणून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. निपाणीलाच चिकटून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय मात्र कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणून शिवाजी विद्यापीठाकडे. एकाच गल्लीतले दोन मित्र दोन महाविद्यालयांत गेले, की एक दक्षिण विभागातून खेळतो आणि दुसरा पश्चिम विभागातून. एकाची निवड चाचणी बेळगावकडे, दुसऱ्याची कोल्हापूरकडे. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाकडे आठशेहून अधिक एकरांचे आवार आहे आणि निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किमी.वर. हे अंतर इथल्या मुलांच्या आणि पालकांच्या तोंडी असते. प्रवेश घेताना ते मोजले जाते.

या मातीत खेळाडू नव्याने घडवायचे नाहीत, ते आहेतच. फडेप्पा दरेप्पा चौगुले हा बेळगावचा तरुण 1920 साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. ती मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किमी.ची होती. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत 19वे आले. भारत ऑलिंपिकला संघ पाठवू लागला ते पहिलेच वर्ष. बेळगावचेच बंडू पाटील 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. तुरमुरी या बेळगावजवळच्या खेड्यातील मलप्रभा जाधव हिने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या खेळात कांस्यपदक मिळवले. शंभर वर्षांत ही नावे शहरातून आणि खेड्यातून येत राहिली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरने बेळगावच्या क्रीडाजीवनाला शिस्त दिली, तालमींनी अंग दिले. विद्यापीठाने द्यायची गोष्ट वेगळी आहे : पदवीच्या त्या तीन-चार वर्षांत अभ्यास न सोडता खेळता येईल अशी जागा.

आता अंतराकडे वळू, कारण सीमाभागाच्या दृष्टीने विस्ताराची खरी बाजू तीच आहे. निपाणीहून बेळगाव सुमारे 75 किमी. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, यमकनमर्डी, वंटमुरी घाट आणि मग भुतरामहट्टी. जुने आवार शहराच्या अलीकडे, निपाणीच्या अंगाला आहे. हिरेबागेवाडी शहराच्या पलीकडे, आणखी सुमारे 20 किमी.वर. निपाणी, चिकोडी, हुक्केरीच्या विद्यार्थ्याला नवे आवार जाऊन-येऊन रोज पाऊणशे किलोमीटरांनी लांब पडते. खानापूर आणि बैलहोंगलच्या विद्यार्थ्याला ते सोयीचे होते. कुठल्याही जागेने सगळे तालुके खूश होणार नाहीत, हे खरेच. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातील महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला आणि निपाणीच्या मुलीला बेळगावचे तिकीट पडेनासे झाले. त्याचा मुलींच्या शिक्षणाला मोठाच आधार आहे. पण वेळेचे तिकीट उरतेच. पहाटे पाचची बस, नवाचा वर्ग, चारला सुटका, आणि सराव सुरू होतो संध्याकाळी पाचला. सातच्या अंधारात सराव संपवून ती मुलगी शंभर किलोमीटरांवरच्या घरी कशी जाणार?

म्हणून नव्या आवाराचे मोल ठरवताना ट्रॅक सिंथेटिक आहे का, गॅलरी किती मोठी, फ्लडलाइट किती, हे प्रश्न दुसऱ्या फळीचे. पहिला प्रश्न मैदानाच्या हाकेच्या अंतरावर खेळाडूंचे वसतिगृह आहे का, आणि त्यात मुलींसाठी किती खाटा आहेत, हा. दुसरा, तालुक्याच्या महाविद्यालयांतली मैदाने विद्यापीठाच्या आराखड्यात धरली आहेत का. 400 मीटरची एक पट्टी आवारात आणि एक पट्टी चिकोडी-निपाणीच्या बाजूला झाली, तर वायव्येकडच्या तालुक्यांना विद्यापीठ आपले वाटेल. सगळे काही हिरेबागेवाडीतच एकवटले, तर निपाणीचा धावपटू सरळ अर्जुननगरच्या फाटकातून आत जाईल आणि शिवाजी विद्यापीठाचा बनियन घालून धावेल. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या नियोजकांनी आराखड्याचा कागद पुढे ओढताना भुतरामहट्टीच्या थांब्यावर उतरणारी निपाणीची मुले डोळ्यांपुढे ठेवावीत, आणि इमारतींच्या आधी मैदान व त्याच्या शेजारी वसतिगृह आखावे.