टॅटिंगची लेस, तीनताल आणि सात स्वरांचे रंग



सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, हे आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो. त्याच साली युरोपात तेरेज द दिलमाँ या बाईंचा विणकाम-भरतकामाचा जाडजूड ज्ञानकोश निघाला. त्यात टॅटिंगवर एक प्रकरण आहे. या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही. पण आमच्याकडे त्या दोन्ही एकाच बाईच्या हातात आल्या. ती माझी आत्या.

आत्या लग्नाआधी गाणं शिकलेली. सासरी मात्र सुनेनं गायचं नाही, असा दंडक. टॅटिंगला कुणाची हरकत नव्हती. ते 'घरकाम' ना! दुपारी रेडिओ लागला की तिच्या हातात शटल आलंच म्हणून समजा.

टॅटिंगला सुई लागत नाही. होडीच्या आकाराचं, मुठीत मावणारं शटल आणि दोरा, झालं. दोन अर्ध्या गाठी मिळून एक पूर्ण गाठ. ती गाठ आतल्या दोऱ्यावर सरकली पाहिजे. नाहीतर दोरा अडकतो आणि कडं बंद होत नाही. आत्या मोजायची ते असं : चार गाठी, पिको, चार गाठी, पिको, चार गाठी, पिको, पुन्हा चार, आणि ओढून कडं बंद. एकूण सोळा. तीनतालाच्या मात्रा सोळाच, आणि विभागही चार-चारचेच! मधला पिको ती जरा मोठा ठेवायची. "ही खाली," म्हणायची. कडं बंद झालं की सम.

आता रंग. आपल्या देवगिरीच्या यादवांच्या पदरी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव होता. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त प्रत्येक स्वराला रंग दिलेला आहे. षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गंधार सोनेरी, मध्यम कुंदफुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद कर्बुर, म्हणजे चित्रविचित्र. तिकडे न्यूटननेही इंद्रधनुष्याचे रंग सात धरले, ते सप्तकाशी मेळ घालूनच.

आत्यानं रत्नाकर वाचला होता की नाही, देव जाणे. पण शटलवर एक रंग आणि गुंडीचा दुसरा घेतला की कडी एका रंगाची अन् कमानी दुसऱ्या रंगाच्या होतात, हे तिनेच मला दाखवलं. शेडेड दोरा तिचा विशेष आवडता. एकाच दोऱ्यात सगळे रंग. माझ्या लेखी तोच तिचा निषाद!

बँकेत सोनंतारणाचं काम मी पुष्कळ वर्षं केलं. गुंजभर सोन्याचीही नोंद व्हायची. आत्या गेल्यावर वाटणीची यादी झाली. त्यात पाटल्या होत्या, चांदीची भांडी होती, अगदी पितळी घंगाळही होतं. लेस मात्र नव्हती. हार्मोनियमवरचा रुमाल कुणीतरी मोलकरणीला देऊन टाकला. ज्या बाईला चाळीस वर्षं गाऊ दिलं नाही, तिचा रियाज त्या लेशीत होता हो!

तेव्हा एक विनंती. तुमच्या ट्रंकेत असा एखादा तुकडा असेल तर टाकू नका. कुणी केला, कधी केला, ती बाई काय गुणगुणायची, एवढं चिठ्ठीवर लिहून त्यालाच टाचून ठेवा. आणि जमलंच तर गाठी मोजून बघा. चार-चार निघाल्या तर मलाही कळवा.