सिस्टरने तपासायचं की नाही?

गेल्या आठवड्यात एका उपकेंद्रात बसलो होतो. एक आजी आल्या, धाप लागलेली. सिस्टर मोबाईलवर कसली तरी ऑनलाइन माहिती भरत होत्या, तो बाजूला ठेवला. आजींच्या घोट्याजवळ अंगठा दाबून धरला, सोडला. खळगा तसाच राहिला. म्हणजे पायावर सूज. मग बीपी, मग पाठीला स्टेथोस्कोप. लगेच १०८ ला फोन. बाजूचा एक जण कुजबुजला, "तपासणं डॉक्टरचं काम ना, ह्या कशाला तपासतात?"

मंडळी, हा प्रश्न फार जुना आहे.

बघणं, हात लावून पाहणं, बोटाने ठोकणं आणि ऐकणं, तपासणीच्या ह्या चार रीती. ठोकण्याची रीत व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये पुस्तकात मांडली. गडी खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली ते ठोकून कळतं, तसंच छातीत पाणी साचलं की आवाज बद्द येतो. पुढची चाळीसेक वर्षं त्याला फारसं कुणी विचारलं नाही. पॅरिसच्या लॅनेकने १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या छातीचे ठोके ऐकले, कारण थेट छातीला कान लावणं त्याला अवघड वाटलं. स्टेथोस्कोपचा जन्म हा असा संकोचातून!

यात नर्स कुठे? फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा काढली. रुग्णाचं बारकाईने निरीक्षण करायला शिकलं पाहिजे, यावर तिचा भर. पण एकूण वाटणी अशी होती की नर्सने बघायचं, लिहायचं, डॉक्टरांना सांगायचं, निष्कर्ष त्यांचा. थर्मामीटर मात्र नर्सकडे आला. तापाचा तक्ता करायचा तर दिवसातून अनेकदा मोजायला हवं, एवढा वेळ कोण बसणार? बीपी आणि स्टेथोस्कोप बराच काळ डॉक्टरांच्याच हातात राहिले.

कुंपण नीट मोडलं ते १९६५ मध्ये. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून नर्सना पूर्ण शारीरिक तपासणी शिकवायचा अभ्यासक्रम काढला. विरोध झाला, आणि तो नर्सिंगमधूनही झाला.

आज आपल्या नर्सिंग कॉलेजांत हे शिकवतात. क्रमसुद्धा शिकवतात: पोट तपासताना आधी ऐकायचं, मग ठोकायचं आणि दाबायचं, कारण आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलतात. डॉक्टर रोग शोधतो. नर्स हेही बघते की सकाळपेक्षा संध्याकाळी काय बदललं. पाठीला लाली आली का, श्वास वाढला का, लघवी कमी झाली का.

लांब कशाला, आपल्या गडचिरोलीचं बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या सुईणींना लहान मुलांचे श्वास मोजायला शिकवलं. अनेकींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. लिहिता-वाचता न येणारी बाई निदान करू शकते, तर पदवी घेतलेल्या सिस्टरचं काय?

२०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात, त्यात नर्सिंगचे पदवीधर पुष्कळ आहेत. पण त्या दिवशी आजींची गाडी गेल्यावर मी सिस्टरना विचारलं, पेशंटला हात लावायला वेळ मिळतो का? त्या हसल्या आणि टेबलावरच्या रजिस्टरांकडे बोट केलं. आठ मोजली मी. शिवाय मोबाईल वेगळा. बीपीचं मशीन चालू होतं, पण सेल त्यांनी स्वतःच्या पैशाने आणले होते.

तुमच्या गावच्या उपकेंद्रात बीपीचं मशीन चालू आहे का? सिस्टर तपासतात की नुसतं नाव लिहून गोळ्या देतात? कमेंटमध्ये गावाच्या नावासह सांगा. यादी करून तालुक्याच्या पुढच्या बैठकीत विचारणार आहे.