तिसरी प्रकृती
हिंदीत प्रकृती म्हणजे निसर्ग. मराठीने तो शब्द माणसाच्या अंगाला लावला. ‘आता प्रकृती कशी आहे?’ असे आपण विचारतो, ते झाडा-डोंगरांबद्दल नव्हे. मुळात जसे घडले ते, हा त्याचा जुना अर्थ. वैयाकरणांना प्रत्यय लागण्याआधीचा शब्द म्हणजे प्रकृती, तर वैद्यांना वात-पित्त-कफाची जन्मजात ठेवण. ती बिघडली की विकृती. ‘तब्येत’ही अशीच आली: अरबीत स्वभाव, आपल्याकडे बरी किंवा वाईट.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’ येते आणि तिचे स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी असे दोन प्रकार सांगितले जातात. म्हणजे तीही एक प्रकृतीच. अमरकोशाने मात्र तिला षंढ, क्लीब, नपुंसक यांच्या रांगेत बसवले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पुढे त्या शेजारशब्दांच्या शिव्या झाल्या.

आज आपण ‘तृतीयपंथी’ म्हणतो. पंथ म्हणजे वाट, आणि वारकरी असो की महानुभाव, पंथ माणूस आपणहून पत्करतो. तृतीयपंथींच्या गुरू-चेल्यांच्या घराण्यांना हा शब्द शोभतो. पण घराण्याबाहेर राहून छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात खोली घेणाऱ्या, वाळूजच्या कंपनीत पाळी करणाऱ्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसाने कोणता पंथ घेतला? त्याची ती प्रकृती आहे. म्हणून मला जुना शब्द अधिक खरा वाटतो.

वैद्यकाला हे मान्य करायला फार वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात पारलिंगी असणे मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढले. आपल्याकडच्या, पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार करा, असे लिहिले गेले. तरीही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या ३१ ऑगस्ट २०२४ च्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधले समलिंगी संबंध ‘अनैसर्गिक’ लैंगिक गुन्ह्यांत मोजलेले होते. टीका झाल्यावर ५ सप्टेंबरला तो मागे घेतला गेला. प्रकृतीला विकृती ठरवण्याची खोड अशी जुनी आहे, आणि ती वर्गातच मोडावी लागेल.

बजाजनगरचे मोठे दुखणे शहरातल्या ‘घाटी’ रुग्णालयात येते. तिथेच, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, उद्याचे डॉक्टर शिकतात. समजा, पायाला सूज आलेली एक पारलिंगी स्त्री ओपीडीत आली. केसपेपरवरचे जुने नाव मोठ्याने पुकारले, बाकावरचे सगळे वळून पाहू लागले, की ती निम्म्यातूनच परत जाईल. ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’ एवढे विचारले, तर पुढचेही विचारता येते. शरीर स्त्रीसारखे व्हावे म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ती मनानेच घेते आहे का? त्यातल्या इस्ट्रोजेनने पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते, म्हणजे ही सूज साधी नसेल. लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली असली तरी तिचे प्रोस्टेट बहुधा शरीरातच असते. पारलिंगी पुरुषाला गर्भाशयाचे मुख असेल, तर त्याच्या कर्करोगाची तपासणी त्यालाही लागते. टेस्टोस्टेरॉन घेतले की हिमोग्लोबिन वाढते, तेव्हा रिपोर्टवरच्या स्त्री-पुरुषांच्या दोन आकड्यांपैकी कोणता धरायचा, हेही त्या विद्यार्थ्याला कुणीतरी शिकवायला हवे.